तीन अटी आणि एक बाग

एका गृहस्थाची तीन लग्नं झाली, एकामागून एक. आणि तिन्ही बायकांचं नाव एकच – लुईस! ही गोष्ट डेन्मार्कमधली. गृहस्थाचं नाव अलेक्झांडर ब्रुन, राजदरबारच्या शिकारखात्यातला मानकरी. १८५५ मध्ये त्यानं समुद्रकाठच्या टेकाडावर एक टुमदार बंगला बांधला, भोवती मोठी बाग केली, फळझाडं लावली, मधमाश्या पाळल्या आणि घराला नाव दिलं ‘लुईझियाना’. नेमक्या कोणत्या लुईसचं नाव घराला दिलं, असं कुणी विचारलं असतं तरी त्याची अडचण झाली नसती. अमेरिकेतल्या त्याच नावाच्या राज्याशी मात्र या घराचा काडीचाही संबंध नाही.

आज जगभरचे चित्रकार, शिल्पकार आणि विशेषतः वास्तुशास्त्रज्ञ या घराचं नाव घेतात ते वेगळ्या कारणानं. या बंगल्याच्या मागे, त्याच बागेत, १९५८ सालच्या ऑगस्टमध्ये आधुनिक कलेचं एक संग्रहालय उघडलं. कोपनहेगनपासून उत्तरेला पस्तीस-एक किलोमीटरवर हुमलेबेक नावाचं छोटं गाव आहे. आगगाडीतून उतरायचं आणि दहा मिनिटं चालायचं. काही वर्षांपूर्वी सप्टेंबर महिन्यात मी तिथं गेलो तेव्हा रस्त्यावर उभं राहून संग्रहालय शोधत होतो. समोर होता तो वेलींनी झाकलेला एक जुना बंगला. आपल्याकडे एखाद्या निवृत्त सरन्यायाधीशाचा असावा तसा. पायऱ्यांची रांग नाही, खांब नाहीत, घुमट नाही. मग कळलं, की हेच प्रवेशद्वार. माणसं कुणाच्या तरी घरी आल्यासारखी पायपुसण्यावर बूट पुसत आत जात होती.

इमारत बांधायची, पण ती दिसू नये अशी बांधायची, हे मोठं अवघड काम. ज्याला आपली इमारत दिसायला नको आहे असा मालक मिळणं त्याहून अवघड. आणि या न दिसण्याचं शास्त्र या मंडळींना कुठून मिळालं? तर जपानमधून. गंमत अशी, की या संपूर्ण वास्तूत जपानी म्हणून बोट दाखवावं असं काहीही नाही. लाल पूल नाही, दगडी दिवा नाही, वर वळलेल्या कोपऱ्यांचं छप्पर नाही. तरीही जपान तिथं जागोजाग आहे. हे कसं घडलं, ती हकीकत आपल्यालाही उपयोगी पडेल अशी आहे.

चीजचा व्यापारी

संग्रहालयाचा कर्ता पुरुष क्नूड येन्सन. वडिलांचा चीजचा घाऊक व्यापार होता, तो याच्याकडे आला. माल युरोपभर जायचा, पैसा चांगला होता, पण या माणसाचा जीव पुस्तकांत आणि चित्रांत. १९५६ मध्ये त्यानं तो धंदा क्राफ्ट या अमेरिकन कंपनीला विकला आणि हाती आलेला पैसा आपल्या वेडापायी लावायचं ठरवलं. त्याच्या आधीच हुमलेबेकची ती जुनी, दुर्लक्षित इस्टेट त्याच्या मनात भरली होती.

येन्सनच्या डोक्यात एक खुपणारी गोष्ट होती. त्या काळची मोठी संग्रहालयं म्हणजे देवळं. उंच जोतं, रुंद पायऱ्या, थंड संगमरवर. सामान्य माणूस आत शिरला की त्याचा आवाज आपोआप खाली जातो, पाय दुखू लागतात आणि आपण इथं चुकून आलो की काय, असं त्याला वाटू लागतं. कला म्हणजे परीक्षेचा विषय नाही, ती आपल्या रोजच्या जगण्याचा भाग आहे, हे लोकांना पटायचं असेल तर ती घरासारख्या जागेत दाखवली पाहिजे. जिथं चित्र पाहता पाहता खिडकीबाहेरचं झाडही दिसेल आणि कंटाळा आला तर गवतावर जाऊन बसता येईल, असं त्याचं म्हणणं.

त्यानं योर्गन बो आणि विल्हेल्म वोलर्ट या दोन वास्तुशास्त्रज्ञांना बोलावलं. दोघेही तेव्हा पस्तिशीच्या आसपासचे. त्यांना त्यानं तीन अटी घातल्या. पहिली, जुना बंगला जसा आहे तसा राहील आणि लोक त्यातूनच आत येतील. दुसरी, बंगल्यापासून दोनेकशे मीटरवर एक तळं आहे, त्या तळ्याकडे उघडणारं एक दालन हवं. तिसरी, त्याच्याही पुढं, जिथं जमीन संपून कडा समुद्राकडे उतरतो, तिथं लोकांना बसून कॉफी पिता येईल अशी जागा हवी. समोर ओरेसुंडची खाडी आणि पलीकडे स्वीडनचा किनारा.

मी बँकेत असताना बांधकामाचे कर्जप्रस्ताव पुष्कळ वाचले. त्यांची पहिली ओळ ठरलेली: एकूण बांधकाम इतके हजार चौरस फूट. येन्सनच्या अटींत चौरस फुटाचा उल्लेख नाही. किती दालनं, किती चित्रं, दर्शनी भाग कसा, काही नाही. आहे ते एवढंच: कुठून आत यायचं, वाटेत काय दिसलं पाहिजे आणि शेवटी कुठं बसायचं. म्हणजे त्यानं इमारत मागितलीच नव्हती, एक फेरफटका मागितला होता.

आधी चालणं, मग रेघ

बो आणि वोलर्ट यांनी कागदावर रेघ ओढण्याआधी एक केलं. ते त्या बागेत चालत राहिले. एक दिवस, दोन दिवस नव्हे, कित्येक महिने. कुठं उतार आहे, कुठं मोठं झाड आहे, कुठून तळं अचानक दिसतं, कुठं समुद्राचा वारा लागतो, हे सगळं पायांनी मोजलं. त्या चालण्याचीच पुढं इमारत झाली.

बंगल्यातून आपण मागे निघतो तो थेट दालनात जात नाही. एक लांब, बुटकी, काचेची ओसरी लागते. तिला सरळ रेषा माहीत नाही. थोडी पुढं जाते, काटकोनात वळते, पुन्हा पुढं जाते. का वळते? तर मध्ये बीचचं जुनं, अनेक खोडांचं झाड आहे. झाड हटलं नाही, म्हणून भिंत हटली. पुढं जमीन उतरते, तशा ओसरीतही दोन-चार पायऱ्या उतरतात. एका बाजूला चुन्यानं पांढरी केलेली विटांची भिंत, तिच्यावर चित्रं. दुसऱ्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच आणि काचेपलीकडे बाग. पायांखाली तांबूस भाजलेल्या फरशा, डोक्यावर लाकडी तुळया. सामान एवढंच. संगमरवर नाही, पितळ नाही.

या ओसरीच्या एका वळणावर दालन दुमजली उंचीचं होतं. आपण वरच्या पातळीवर असतो आणि खाली, समोरच्या भिंतीएवढ्या मोठ्या काचेपलीकडे ते तळं. या दालनात जाकोमेत्तीची ती काडीसारखी उंच, कृश माणसं उभी आहेत. काचेपलीकडे तळ्यावर झुकलेल्या फांद्या, अलीकडे ही माणसं. मी गेलो त्या दिवशी बारीक पाऊस होता. पाण्यावरच्या थेंबांची हालचाल आणि त्या न हलणाऱ्या आकृती एकाच नजरेत मावत होत्या. तिथं बराच वेळ एक आजी आणि तिची नात बसली होती. नात तळ्यातली बदकं मोजत होती, आजी पुतळे पाहत होती. कुणीही त्यांना ‘शूः’ म्हटलं नाही.

आणि शेवटी, कबूल केल्याप्रमाणे, समुद्र. उपाहारगृहाच्या गच्चीवर काल्डरची शिल्पं आहेत. त्यांतले काही भाग वाऱ्यानं हळूच फिरतात. पलीकडच्या हिरवळीवर हेन्री मूरची आडवी आकृती समुद्राकडे तोंड करून पहुडली आहे. तिच्याभोवती लोकही तसेच पहुडतात. दगड, ब्राँझ आणि माणूस यांत भेद राहू नये अशी ही जागा.

जपान आला कुठून?

आता जपानकडे वळू. जपानी पारंपरिक घरात एनगावा नावाचा प्रकार असतो. खोली आणि बाग यांच्यामध्ये, छपराच्या वळचणीखाली असलेली लाकडी पट्टी. ती ना घरात, ना बाहेर. आपल्या वाड्यांची ओसरी किंवा कोकणातली पडवी आठवली की एनगावा वेगळा समजावून सांगायला नको. सरकत्या पडद्यांच्या भिंती बाजूला केल्या, की खोली संपते कुठं आणि बाग सुरू होते कुठं, हे सांगता येत नाही. लुईझियानाची काचेची ओसरी ही या एनगावाचीच थंड देशातली बहीण. तिथला हिवाळा लक्षात घेऊन तिला काचेचा अंगरखा घातला, इतकंच.

दुसरी कल्पना शाक्केई. शब्दशः अर्थ ‘उसनं घेतलेलं दृश्य’. बागेच्या कुंपणापलीकडचा डोंगर, देऊळ, किल्ला असा चौकटीत पकडायचा, की तो आपल्याच बागेचा भाग वाटावा. ओकायामा शहरात कोराकुएन नावाची प्रख्यात बाग आहे. इकेदा त्सुनामासा या सरदारानं सतराव्या शतकाच्या अखेरीस ती पूर्ण केली. तिच्यातल्या हिरवळीवरून पाहिलं की झाडांवर काळा किल्ला आणि मागे डोंगर दिसतो, आणि वाटतं, बाग तिथपर्यंत आहे. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे उद्यान म्हणून आपण ओळखतो ती बाग याच कोराकुएनवरून बेतलेली. पुणे आणि ओकायामा यांच्या मैत्रीची खूण. पुणेकर वाचकांनी पुढच्या रविवारी तिथं गेल्यावर पाहावं, वाट कशी मुद्दाम वळते आणि पुढचं पाणी कसं झाडाआड लपवून मग एकदम दाखवते. लुईझियानाच्या मालकानं तर स्वीडनचा अख्खा किनाराच उसना घेतला, व्याज न देता!

तिसरी गोष्ट क्योतोच्या कात्सुरा राजप्रासादाची. सतराव्या शतकात राजपुत्र तोशिहितो आणि नंतर त्याचा मुलगा यांनी तो घडवला. या प्रासादाचे भाग एकमेकांना चिकटून एका रेषेत नाहीत. एक थोडा मागे, दुसरा त्याच्या बाजूला आणखी थोडा मागे, उडत्या हंसांच्या रांगेसारखे. त्यामुळे प्रत्येक खोलीला बागेचा आपला असा कोपरा मिळतो. १९३३ मध्ये ब्रूनो टाउट हा जर्मन वास्तुशास्त्रज्ञ हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडून जपानला गेला, तेव्हा त्यानं कात्सुरा पाहिला आणि भारावून लिहिलं. युरोपातले तरुण वास्तुशास्त्रज्ञ तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या लाकडी घराकडे ‘आधुनिक’ म्हणून पाहू लागले. सजावट नाही, सामान उघडं, मोजमाप चटईच्या हिशेबानं. त्यांना हवं होतं ते सगळं तिथं आधीच करून ठेवलेलं होतं.

उत्तर युरोपाला तर जपान अगदी अंगणात भेटला. स्टॉकहोमच्या मानववंश संग्रहालयाच्या आवारात १९३५ मध्ये ‘झुई की तेई’ नावाचं खरंखुरं जपानी चहागृह उभारलं गेलं. स्कँडिनेव्हियातल्या वास्तुशास्त्रज्ञांची एक पिढी ते पाहून आली. १९६९ मध्ये ते आगीत जळालं, १९९० मध्ये त्याच्या जागी नवं उभं राहिलं. आणि वोलर्ट? तो १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात शिकवत होता. पॅसिफिक महासागराच्या त्या किनाऱ्यावर लाकडी घरांची एक साधी, मोकळी शैली रुजली होती आणि तिच्यात जपानचा मोठा वाटा होता. म्हणजे क्योतोची कल्पना कॅलिफोर्नियाला गेली आणि तिथून डेन्मार्कला आली. वाटेत तिनं आपले कपडे टाकले, हाडं तेवढी ठेवली.

उसनवारीचा हा प्रकार मला महत्त्वाचा वाटतो. कपडे उसने घेणं सोपं असतं. आपल्याकडे एखाद्या हॉटेलात किंवा फार्महाउसवर लाल रंगाचा लाकडी पूल, सिमेंटचा दिवा आणि बांबूची दोन झुडपं ठेवली की ती ‘जपानी बाग’ होते. बो आणि वोलर्ट यांनी घेतला तो विचार: आधी जमीन, मग झाड, मग वाट आणि सर्वांत शेवटी भिंत. बाकी वीट डेन्मार्कची, चुना डेन्मार्कचा आणि उजेडही तिथलाच, फिका, तिरपा.

वाढायचं, पण कसं?

खरी परीक्षा पुढंच होती. संग्रहालय सुरुवातीला आधुनिक डॅनिश कलेपुरतं होतं. १९५९ मध्ये येन्सन जर्मनीतल्या कासेलचं दुसरं ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शन पाहून आला आणि त्यानं ठरवलं, की जगभरची कला इथं आली पाहिजे. लोकांनी बिचकू नये म्हणून त्यानं एक युक्ती काढली. तिला तो ‘सौना’चं तत्त्व म्हणे. उत्तरेकडचे लोक गरम वाफेच्या खोलीत बसतात आणि मग थंड पाण्यात उडी घेतात. तसं, ओळखीच्या, लाडक्या कलाकाराचं एक ‘गरम’ प्रदर्शन आणि त्याच्याबरोबर अनोळखी, अवघड असं एक ‘थंड’. पहिल्यासाठी आलेला माणूस दुसऱ्यातही डोकावतो.

युक्ती लागू पडली, गर्दी वाढली, संग्रह वाढला. आणि इथं धोका सुरू झाला. ज्या बागेमुळे लोक येतात, तीच बाग गर्दीच्या सोयीसाठी खाऊन टाकायची की काय? अशा वेळी बहुतेक संस्था जुन्या वास्तुशास्त्रज्ञाला नमस्कार करतात आणि एखाद्या नामांकिताकडून शेजारी टोलेजंग इमारत बांधून घेतात. इथं तसं झालं नाही. १९६६, १९७१, १९७६ सालचं संगीत सभागृह, १९८२ चं दक्षिणेकडचं दालन, अशी वाढ होत गेली. दर वेळी तेच दोघे वास्तुशास्त्रज्ञ. बागेच्या मधल्या हिरवळीला हात न लावता, तिच्या कडेकडेनं दोन हात पसरावेत तशी इमारत समुद्राकडे सरकत गेली.

शेवटी दोन हात जोडायची वेळ आली तेव्हा मोठा पेच पडला. जोडायचे तर मधला भाग समुद्राचं दृश्य अडवणार. शिवाय आणखी एक अडचण होती. काचेच्या घरात ब्राँझ सुखानं राहतं, कागद राहत नाही. रेखाचित्रं, मुद्राचित्रं उजेडानं फिकी पडतात. ज्या उजेडासाठी ही वास्तू नावाजली, तोच उजेड काही कलाकृतींचा शत्रू. या दोन्ही प्रश्नांना १९९१ मध्ये एकच उत्तर मिळालं: जमिनीखाली जा. कागदावरच्या कलेची दालनं बागेच्या पोटात गेली. वर हिरवळ तशीच राहिली आणि खालून वर्तुळ पूर्ण झालं. आज आपण बंगल्यातून निघून एका हातानं जातो, जमिनीखालून दुसऱ्या हाताला येतो आणि पुन्हा बंगल्यात पोचतो. वरून चालणाऱ्याला पत्ताही लागत नाही, की आपल्या पायांखाली चित्रं आहेत.

तेहतीस वर्षं दोन माणसांनी एकाच बागेत काम केलं. येन्सन २००० मध्ये गेला, बो त्याच्या एक वर्ष आधी, वोलर्ट २००७ मध्ये. त्यांच्या नावाची पाटी शोधायला मी गेलो नाही. बीचच्या त्या झाडाला वळसा घालताना दोघं भेटलेच होते.

आमच्या अंगणातली बकुळ

हे सगळं परदेशातलं कौतुक म्हणून सांगत नाही. सध्या आपल्या गावोगावी जुनी घरं, जुन्या सोसायट्या पाडून नव्या बांधण्याचे दिवस आहेत. आमच्याही सोसायटीची पुनर्विकासाची बैठक झाली. पडद्यावर आराखडा दाखवला गेला. खाली दोन मजले वाहनतळ, वर घरं, प्रत्येकाला वाढीव जागा. आराखड्यात झाडांच्या जागी हिरवी गोल टिकली होती, सगळी एका मापाची. आमच्या आवारात पन्नास वर्षांची बकुळ आहे. पहिल्या पावसाआधी तिच्या फुलांचा सडा पडतो, आणि वरच्या मजल्यावरच्या एक काकू रोज सकाळी ओंजळभर वेचून नेतात. त्यांनी विचारलं, “आमची बकुळ यात कुठं आहे?” उत्तर आलं, “काकू, एकाच्या बदल्यात पाच लावून देऊ.” सभेत हशा झाला, विषय संपला.

उत्तर देणारा माणूस वाईट नव्हता. हिशेबात त्याचं बरोबरच होतं. फ्लॅट लहान पडतात, म्हातारे जिना चढू शकत नाहीत, लिफ्ट हवी, गाड्यांना जागा हवी. या गरजा खऱ्या आहेत, माझ्याही आहेत. पण बकुळीला पन्नास वर्षं लागली, आणि पाच रोपं लावल्यावर काकूंना फुलं वेचायला मिळण्यासाठी जो काळ लागेल तो त्यांच्या हाती नाही. हा हिशेब कुठल्याच तक्त्यात बसत नाही.

येन्सनकडे पैसा होता, प्रशस्त बाग होती, घाई नव्हती. आपल्याकडे यांतलं काही नाही, हे मला मान्य आहे. पण त्यानं केलेली पहिली गोष्ट फुकट होती. रेघ ओढण्याआधी त्यानं सांगितलं, की काय हलणार नाही. आपण सगळं ठरवून झाल्यावर विचारतो, की आता झाडाचं काय करायचं. फरक पैशाचा नाही, क्रमाचा आहे.

पुढची बैठक दिवाळीनंतर आहे. मी लेखी अटी द्यायचं ठरवलं आहे. येन्सनसारख्या तीन मला सुचल्या नाहीत, दोनच सुचल्या. एक, बकुळ जिथं आहे तिथं राहील आणि वाहनतळाची भिंत तिला वळसा घालून जाईल. दोन, लिफ्टची वाट पाहत माणसं जिथं उभी राहतात, तिथून ती दिसली पाहिजे. खाली माझी सही आहे. दुसरी सही काकूंची आहे. बाकीच्या बावीस जागा अजून मोकळ्या आहेत.